रेट्रो किचन कॅबिनेट आणि नवरा-बायकोचा धंदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं नवरा-बायको जुन्या धाटणीची किचन कॅबिनेट बनवतो. आराखडे, रंग आणि ग्राहकांशी बोलणं माझ्याकडे. लाकूड, यंत्रं आणि बसवणी नवऱ्याकडे. हाच धंदा सुरू करायच्या विचारात असलेली जोडपी जे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत. पैसा किंवा नातं जिथे अडकतं, तिथे जास्त लिहिलं आहे.

रेट्रो म्हणजे नेमका कोणता काळ?

ग्राहक ‘रेट्रो’ म्हणतो तेव्हा आधी हेच विचारायचं. चार जणांच्या डोक्यात चार वेगवेगळी दशकं असतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या न्यू कॅसल गावी ‘हूजियर’ नावाचं उभं कपाट बनत असे. तेव्हा भिंतीला जडवलेली कॅबिनेट सहसा नसत, म्हणून सगळं सामान या एकाच कपाटात सामावलेलं असे. पीठ साठवायचा डबा, त्याच्याच तळाशी चाळणी, पुढे सरकणारा कामाचा पाट, बरण्यांसाठी खास कप्पे. त्यानंतरचा मोठा टप्पा 1926 मधला. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं, साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बसवली गेली. त्यात कोरड्या जिन्नसांसाठी ओतायची चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण होते, पिठासाठी ओकच्या लाकडाचे खण होते, आणि निळसर-हिरवा रंग होता, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा त्या काळी समज होता.

मग येतात पत्र्याची कॅबिनेट, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची गुलाबी, पुदिना-हिरवी, फिकट पिवळी स्वयंपाकघरं. बहुतेकांना ‘रेट्रो’ म्हटलं की हीच आठवतात. 1970 च्या आसपास रंग एकदम जड होतात : ॲव्होकॅडोचा हिरवा, मोहरीसारखा पिवळा, गडद तपकिरी.

आमचा आग्रह एकच. एका कामात एकच दशक धरा. फ्रँकफर्टचे खण, पन्नाशीची क्रोमची मूठ आणि सत्तरीचा रंग एकत्र आले की ते स्वयंपाकघर कुठल्याच काळाचं राहत नाही, नाटकाचा सेट होतं.

रंग जुना दिला की कॅबिनेट रेट्रो दिसत नाही का?

नाही. कडेला कड भिडलेल्या सपाट शटरवर पुदिना-हिरवा रंग मारला तर ते आजचंच किचन दिसतं, फक्त हिरवं.

जुन्या कॅबिनेटची ओळख पटते ती शटर चौकटीत कसं बसलंय यावरून. एक प्रकार चौकटीच्या आत, पृष्ठभागाशी सपाट बसणारा. दुसरा चौकटीवर झाकणासारखा येणारा. तिसरा या दोहोंच्या मधला : शटरच्या मागच्या कडेला खाच मारून अर्धी जाडी चौकटीच्या आत जाते आणि साधारण 10 मिलीमीटरचा ओठ चौकटीवर टेकतो. हा ओठाचा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यावर खूप चालला. पुढची कड गोलाई मारून मऊ केलेली असे, आणि लांबून नजरेत भरते ती हीच गोलाई.

नव्या माणसाने सुरुवात या ओठाच्या शटरने करावी असं माझं मत आहे. फट ओठाखाली झाकली जाते, त्यामुळे एखाद-दुसरा मिलीमीटर इकडेतिकडे झाला तरी चालतं. चौकटीच्या आत बसणाऱ्या शटरला चारही बाजूंनी जेमतेम 2 मिलीमीटरची सारखी फट लागते. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, शटर घासायला लागतं आणि तुम्हाला रंधा घेऊन परत जावं लागतं. दिसायला तोच सर्वांत देखणा, यात शंका नाही. पण त्याचे पैसे वेगळे लावा.

बाकीच्या खुणा छोट्या असतात. ओळ जिथे संपते तिथे गोल कडांच्या उघड्या फळ्या. खाली पाय आत जाईल अशी खाच, 100 मिलीमीटर उंच आणि 75 मिलीमीटर खोल. काचेच्या शटरला उभ्या रेघांची काच. आणि बाहेर दिसणारी बिजागरी. ती लपवली की जुनेपणा निम्मा जातो.

पत्र्याची कॅबिनेट बनवावीत की लाकडाची?

मोह पत्र्याचाच होतो. इंग्लंडमधल्या वॉरिकच्या सीएसए इंडस्ट्रीज या कारखान्याने युद्धकाळात विमानांचे सुटे भाग बनवले होते. युद्ध संपल्यावर उरलेल्या ॲल्युमिनियमचं काय करायचं, या प्रश्नातून त्यांची ‘इंग्लिश रोझ’ नावाची किचन कॅबिनेट निघाली, आणि ती आजही जुन्या घरांत वापरात सापडतात. अशा गोष्टी ऐकल्या की आपणही तेच करावं असं वाटतं.

पण पत्र्याला बेंडिंग मशीन लागतं, वेल्डिंग लागतं, पावडर कोटिंगची भट्टी लागते. भट्टीत साधारण 160 ते 200 अंश सेल्सिअस तापमानाला रंग पक्का होतो. त्यात पोकळ शटर दार आपटल्यावर डब्यासारखं वाजतं. चांगले जुने कारखाने शटरच्या आत आवाज दाबणारा पुठ्ठा किंवा फायबर भरत. हे सगळं दोन माणसांच्या गाळ्यात मावत नाही.

लाकूड आणि प्लायने सुरू करा. पत्र्याचं दर्शनी शटर हवंच असेल तर ते फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या आणि आतला बॉक्स तुम्ही बनवा. ग्राहकाला आपण काय विकतोय हे मात्र स्पष्ट सांगा. बाहेरून पत्रा आणि आतून प्लाय यात लपवण्यासारखं काहीच नाही.

मग आतली रचनाही जुनीच ठेवायची का?

मुळीच नाही. दर्शनी बाजू जुनी, पोट आजचं, यावर आमचा सगळा धंदा उभा आहे.

जुन्या कॅबिनेटमधले खण लाकडावर लाकूड घासत उघडत, अर्धेच बाहेर येत आणि पूर्ण भरले की अडकत. कुणालाही ते परत नकोय. आत टेलिस्कोपिक चॅनल (खण पूर्ण बाहेर येईल अशा सरकत्या पट्ट्या) द्या, हलवता येणाऱ्या फळ्या द्या, अवजड भांड्यांना खोल खण द्या. जगभर फर्निचर कारखाने बत्तीस मिलीमीटरची पद्धत वापरतात : उभ्या बाजूंना 5 मिलीमीटर व्यासाची छिद्रं, एकमेकांपासून 32 मिलीमीटरवर, पहिली रांग पुढच्या कडेपासून 37 मिलीमीटर आत. चॅनल, फळीच्या टेकण्या, बिजागरीच्या पट्ट्या या सगळ्यांची भोकं याच मापावर जुळतात. ही पद्धत पाळलीत तर आणखी काही वर्षांनी ग्राहकाला एखादं चॅनल बदलायचं झालं, तर तो दुसऱ्या कुणाकडूनही बदलून घेऊ शकतो.

एक अडचण आधीच सांगते. जुन्या धाटणीला पुढे चौकट लागते, आणि चौकट आतल्या बाजूने पुढे डोकावते, म्हणून चॅनल थेट बाजूच्या फळीवर मारलं तर खण चौकटीला धडकतो. मधे पट्टी टाकून ते अंतर भरून काढावं लागतं. आराखड्यातच हे धरा. खणाची रुंदी तेवढी कमी होते, आणि ती कमी होणार हे ग्राहकाला कागदावर दिसायला हवं.

मापं जुनी घ्यायची की आजची?

आजची. ओट्याची उंची साधारण 900 मिलीमीटर, खोली 600, वरच्या कॅबिनेटची खोली 300 ते 350, ओटा आणि वरचं कॅबिनेट यात साधारण 450. पण ही फक्त सुरुवात. जो माणूस तिथे रोज उभा राहणार आहे त्याचं कोपर मोजा आणि ओटा त्याच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली ठेवा. घरात दोघं स्वयंपाक करणारे असतील आणि उंचीत फरक असेल, तर दोन उंच्यांचा ओटा सुचवा. जुन्या पद्धतीत बाहेर सरकणारा पाट असे, तो इथे अगदी कामाला येतो.

मांडणीसाठी 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पुढे आलेला त्रिकोण अजून उपयोगी आहे. सिंक, शेगडी आणि फ्रीज या तीन जागांमधली प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट, तिन्हींची बेरीज 13 ते 26 फूट. फ्रीजचं माप मात्र स्वतः टेप लावून घ्या. कागदावर 600 मिलीमीटर लिहिलेला फ्रीज मागच्या हवेच्या जागेसह आणि दार उघडल्यावर कितीतरी जास्त घेतो. सुंदर रेट्रो ओळीतून तो पोटासारखा पुढे आलेला फार वाईट दिसतो.

नवरा-बायकोने काम वाटून कसं घ्यायचं?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी आणि जरा दबकत विचारतात. खरं तर पहिला हाच.

कामं वाटणं सोपं असतं, निर्णय वाटणं अवघड. ‘दोघं मिळून ठरवू’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण रंगाच्या छटेपासून स्क्रूच्या लांबीपर्यंत सगळं दोघांनी मिळून ठरवायचं म्हटलं की कामच थांबतं. एका म्यानात दोन तलवारी कशाला? विषयागणिक शेवटचा शब्द कुणाचा ते लिहून ठेवा. आमच्याकडे ग्राहकाला काय दिसणार यावर शेवटचा शब्द माझा, ते कसं उभं राहणार यावर नवऱ्याचा. त्याला माझी छटा आवडली नाही तर तो एकदा सांगतो, मी ऐकते, आणि मग मी ठरवलेली छटा लागते. मला पातळ फळी देखणी वाटते पण तो म्हणतो वाकेल, तर फळी जाडच लागते.

काही गोष्टींवर दोघांचा होकार लागतोच : कर्ज, नवीन यंत्र, माणूस कामावर ठेवणं, आणि ज्या कामाचं आधीच पोटात भय वाटतंय असं मोठं काम घेणं. अशा बाबतीत एकाचा नकार म्हणजे नकार, चर्चा संपली.

नमुना म्हणून दोन जोडपी पाहा. अमेरिकेतले फर्निचर डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांचं लग्न 1941 मध्ये झालं. प्लायवूड वाकवायचे प्रयोग दोघांनी मिळून केले, आणि युद्धकाळात अमेरिकेच्या नौदलासाठी त्याच तंत्राने जखमी पायाला आधार म्हणून बांधायच्या फळ्या बनवल्या. दोघांची कामं एकमेकांत इतकी मिसळलेली की वेगळी काढणं कठीण. ब्रिटनमधले रॉबिन आणि ल्युसिएन डे यांनी 1942 मध्ये लग्न केलं. ते घरातल्या एकाच स्टुडिओत बसत, पण तो फर्निचर आखे, ती कापडांवरची नक्षी. ज्याचा त्याचा ग्राहक वेगळा, ज्याची त्याची ओळख वेगळी. तुमचा स्वभाव कुठल्या जोडीच्या जवळ जातो ते आधी ओळखा. सतत एकमेकांच्या कागदावर डोकावणारी दोन माणसं डे जोडप्यासारखी राहू शकत नाहीत, आणि उलटही खरं.

दुकानावर नाव कुणाचं लावायचं?

दोघांचं, किंवा कुणाचंच नाही.

1946 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ईम्स यांच्या फर्निचरचं प्रदर्शन भरवलं. त्याच्या नावात एकट्या चार्ल्सचा उल्लेख होता. रे यांचं नाव नव्हतं. इतक्या मोठ्या माणसांबाबत असं होतं, तर तुमच्या-माझ्याबाबत रोज होतं. ग्राहक लाकडाबद्दल माझ्या नवऱ्याला विचारतो ते ठीक, पण पैशांबद्दलही त्यालाच विचारतो, आणि हिशेब मी ठेवते. त्यामुळे कोटेशनवर दोघांची नावं आणि नावासमोर कोण काय बघतं ते लिहा. बायकोला ‘मदत करते’ असं म्हणणाऱ्या ग्राहकाला नवऱ्यानेच दुरुस्त करावं. त्याने केलेलं पटकन पटतं, हे खेदाचं आहे पण खरं आहे.

दोघांनी एकदम नोकरी सोडावी का?

शक्य असेल तर नको. सुरुवातीला एकाचा पगार चालू राहू द्या. या धंद्यात पैसा टप्प्याटप्प्याने येतो आणि लाकडाचा खर्च आधी होतो. घराचा संपूर्ण खर्च त्याच धंद्यावर अवलंबून असेल तर तुम्ही मिळेल ते काम घेत सुटता, आणि मग रेट्रो राहतं बाजूला.

भागीदारी लिहून घ्यायची गरज आहे का? आम्ही तर नवरा-बायको आहोत.

म्हणूनच आहे. कुणी किती पैसे घातले, कुणी किती वेळ देणार, नफा कसा वाटणार, एकजण आजारी पडला तर काय, एकाला बाहेर पडायचं असेल तर यंत्रं आणि नाव कुणाकडे जाणार, हे सगळं शांत डोक्याने लिहून ठेवा. भांडणाच्या दिवसात ते लिहिता येत नाही.

धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेवा आणि दोघांनाही दरमहा ठरलेला पगार द्या, मग तो कितीही छोटा असो. साध्या भागीदारीत बहुतेक देशांत धंद्याचं देणं भागीदारांच्या खासगी मालमत्तेपर्यंत पोहोचतं, आणि इथे दोन्ही भागीदार एकाच घरात राहतात. म्हणून मर्यादित जबाबदारीची रचना परवडते का, ते तुमच्या भागातल्या सनदी लेखापालाला विचारा. कर्जाला दोघांनी हमीदार म्हणून सही करण्याआधी तर नक्कीच विचारा.

धंद्यातली भांडणं घरी येतात का?

येतात. जेवताना कामाचं बोलायचं नाही असा नियम सगळे सांगतात आणि कुणी पाळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातला एक ठरलेला तास ठेवा, वही उघडून, गाळ्यावर बसून. अडकलेलं काम, यायचे पैसे, एकमेकांवरचा राग, सगळं त्यात काढा. वेळ ठरलेली असली की बाकीचे दिवस ‘गुरुवारी बोलू’ म्हणता येतं, आणि गुरुवार येईपर्यंत निम्म्या गोष्टी विरून जातात.

किंमत कशी ठरवायची?

चालत्या फुटावर दर सांगू नका. साध्या मॉड्युलर किचनला ते चालतं, कारण तिथे प्रत्येक फूट सारखाच असतो. तुमच्या कामात एका फुटात एक मोठं शटर असू शकतं किंवा चार छोटे खण आणि त्यांचे सोळा कोपरे. वेळ खातात ते कोपरे.

आम्ही शटर आणि खण मोजतो. प्रत्येक प्रकाराला किती तास लागतात हे नवऱ्याने वहीत लिहून ठेवलंय : चौकट, शटर, बिजागरीचं खाचकाम, घासकाम, रंगाचे हात. त्यावर साहित्य, त्यावर गाळ्याचं भाडं, वीज, विमा, यंत्रांची झीज यांचा वाटा, त्यावर नफा. 8 बाय 4 फुटांच्या शीटमधून किती वाया जाणार हे कटिंगचा नकाशा काढल्याशिवाय कळत नाही, आणि गोल कडांच्या फळ्या असल्या तर वाया जाणारं प्रमाण डोळ्यांत पाणी आणतं. आराखड्याचे तास फुकट देऊ नका. पहिली भेट फुकट, पण मापासह काढलेला आराखडा म्हणजे काम आहे, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत तर तो आराखडा दुसऱ्या सुताराकडे जातो.

पैसे टप्प्यांत घ्या : आराखडा मंजूर झाल्यावर, साहित्य मागवण्याआधी, रंगाआधी शटर दाखवल्यावर, आणि बसवून झाल्यावर शेवटचा छोटा भाग. साहित्याचा सगळा खर्च बसवणीच्या आधी हातात आलेला असलाच पाहिजे.

ओळखीच्यांना सवलत द्यावी का?

द्यायची असेल तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत दाखवा. नाहीतर त्यांनी पुढे पाठवलेला प्रत्येक माणूस तीच किंमत मागतो.

पहिल्यांदा कोणती यंत्रं घ्यायची?

चांगली टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), राउटर (खाचा आणि गोलाई मारायचं यंत्र), ड्रिल, क्लॅम्प (कितीही घेतले तरी कमीच पडतात), आणि धूळ ओढणारं यंत्र. एज बँडिंग (शीटच्या कडेला पट्टी चिकटवणं) आणि सीएनसी कटिंग (संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापणं) सुरुवातीला बाहेरून करून घ्या.

धुळीचं यंत्र यादीत शेवटी लिहिलं तरी खरेदी आधी त्याचीच करा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. फॉर्मल्डिहाइड हा वायूही त्याच गटात आहे, आणि तो प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली शीट) यांच्या गोंदातून बाहेर पडतो. म्हणून कमी उत्सर्जनाच्या, ई-1 किंवा त्याहून कडक दर्जाच्या शीट घ्या. दोन भाग मिसळून वापरायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग फवारताना त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो, तिथे साधा कापडी मास्क काहीच करत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि वेगळी फवारणीची खोली लागते. ते जमत नसेल तर रंग फवारणाऱ्याकडे द्या. घरचे दोघेही एकाच गाळ्यात श्वास घेताय, एवढं लक्षात ठेवा.

जुन्यासारखी चमक कशी आणायची?

जुन्या कॅबिनेटवर तकतकीत एनॅमल असे. चमक जितकी जास्त तितकी खालची प्रत्येक खोच, घासकामाची प्रत्येक रेघ उठून दिसते. म्हणून ग्राहकाने चमकदार मागितलं की घासकामाचे तास वाढवा. आम्ही स्वतः अर्ध्या चमकीचा रंग सुचवतो, कारण दोन वर्षांनी पडलेले ओरखडे त्यावर कमी दिसतात.

चौकटीचं शटर अखंड लाकडात केलं तर सांध्यावर केसासारखी चीर पडते. लाकूड आडवं फुगतं-आकसतं, उभं फारसं नाही, आणि रंगाला ते सोसत नाही. रंगवायच्या शटरला चौकट लाकडाची आणि मधलं पॅनेल एमडीएफचं, पॅनेल खाचेत चिकटवलेलं नाही तर सैल बसवलेलं, हा आमचा नेहमीचा तोडगा. एमडीएफची कापलेली कड रंग पिऊन टाकते, तिला आधी सीलरचे दोन हात द्या. पांढऱ्यात तेलाचा रंग नको. तो अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळा पडतो, आणि कॅबिनेटच्या शटरची आतली बाजू कायम अंधारातच असते.

रंगाचा नमुना कागदावर मंजूर करून घेऊ नका. हाताएवढं शटर रंगवून ग्राहकाच्या घरी ठेवा, सकाळ आणि रात्र दोन्ही जाऊ द्या.

लॅमिनेट वापरलं तर ते खोटं रेट्रो नाही का?

अजिबात नाही, लॅमिनेट हाच त्या काळाचा खरा माल. फॉर्मायका हे लॅमिनेट 1912 मध्ये हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ’कॉनर यांनी काढलं ते विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला. टेबलांवर आणि ओट्यांवर ते पुढे आलं, आणि युद्धानंतर तर घराघरात पोचलं. पन्नाशीच्या ओट्याला कडेने खाचांची ॲल्युमिनियमची पट्टी असे. ती पट्टी आजही मिळते आणि एका फटक्यात ओट्याचं दशक बदलते.

सावधगिरी एकच. जुन्या कंपन्यांची नावं, चिन्हं आणि अजून हक्क असलेल्या नक्ष्या स्वतःच्या म्हणून छापून विकू नका. ‘त्या काळच्या धाटणीचं’ म्हणा, ‘अस्सल’ म्हणू नका.

कुणी जुनी खरी कॅबिनेट दुरुस्तीला आणली तर घ्यावीत का?

घ्या, पण घासण्याआधी रंगाची शिशासाठी चाचणी करा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या कुठल्याही रंगात शिसं असू शकतं. शिसं निघालं तर कोरडं सॅंडिंग बंद, हीट गनही बंद. ते काम प्रशिक्षित माणसाकडे द्यायचं, आणि लहान मुलं घरात असतील तर गाळ्यावरचे कपडे घरी न्यायचे नाहीत. पत्र्याची कॅबिनेट असतील तर तळ तपासा. गंज वरून दिसतो त्यापेक्षा सिंकखालच्या तळात जास्त असतो.

ओलीमुळे सगळ्यात आधी काय खराब होतं?

सिंकखालचा तळ, डिशवॉशरच्या वरच्या फळीची पुढची कड, आणि शेगडीवरच्या कॅबिनेटचा खालचा भाग. या तीन जागी पाण्याला टिकणारा प्लाय वापरा आणि कडा चारही बाजूंनी बंद करा, मागची न दिसणारी कडसुद्धा.

ही फॅशन गेली तर?

जाईल, आणि परतही येईल. तोपर्यंत नीट बसलेलं शटर आणि सरळ उघडणारा खण लागतोच. म्हणून शटर सुटं करून परत रंगवता येईल असं ठेवा. जुन्या ग्राहकांचं पुन्हा रंगवायचं काम मंदीच्या दिवसात गाळा चालू ठेवतं.

कामाचे फोटो कुठून आणायचे, जर अजून कामच नसेल?

स्वतःचं स्वयंपाकघर करा. पूर्ण परवडत नसेल तर एक सुटं उभं कपाट करा, हूजियरच्या धाटणीचं. ते उचलून प्रदर्शनात नेता येतं, आणि त्यात चौकट, खण, सरकता पाट, रेघांची काच असं सगळं एकत्र दाखवता येतं. फोटोत शटर उघडं ठेवायला विसरू नका. आतलं काम कळणारा ग्राहकच पैशांवरून कमी घासाघीस करतो.

बसवायला गेल्यावर भिंत वाकडी निघाली तर?

निघतेच. ओळीच्या दोन्ही टोकांना 30 ते 50 मिलीमीटरची भरपट्टी आराखड्यातच धरा, आणि तिथे भिंतीवर टेकवून, पेन्सिलने भिंतीची रेघ पट्टीवर उतरवून, रंध्याने त्या रेघेपर्यंत उतरवा. जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधून तिथून लेव्हल सुरू करा, बाकीच्या पायांखाली पाचरी जातील. चौकटीच्या आत बसणारी शटर बॉक्स भिंतीला घट्ट आवळून झाल्यावरच लावा. आधी लावली तर आवळताना चौकट पिळते आणि सगळ्या फटी बदलतात. रंगाची छोटी बाटली आणि बारीक ब्रश सोबत न्या, भरपट्टीची ताजी कापलेली कड तिथल्या तिथे रंगवायला.